नऊ पराभव, तरी बेरीज अधिक: नेब्रास्काचा २०२१चा हंगाम

२०२१ साली नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने बारा सामने खेळले. तीन जिंकले, नऊ हरले. एवढंच ऐकलं तर वाटेल, सुमार संघ असणार. पण त्याच बारा सामन्यांतल्या गुणांची बेरीज करून पाहा. नेब्रास्काने केलेले गुण ३३५, त्यांच्याविरुद्ध झालेले २७२. म्हणजे हा संघ वर्षाअखेरीस ६३ गुणांनी पुढेच होता. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर नेट रनरेट दणदणीत अधिक, आणि गुणतक्त्यात संघ तळाजवळ.

हे झालं कसं, याची उकल करताना कॉलेज फुटबॉल कसा चालतो, त्यात नशिबाचा वाटा किती, कोचचा किती आणि पैशाचा किती, हे सगळंच कळत जातं. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलामुलींना शनिवारी विद्यापीठाचं अख्खं गाव एकाच रंगाचे शर्ट घालून स्टेडियमकडे का लोटतं, असा प्रश्न पडतो. त्याचंही थोडं उत्तर इथे मिळेल.

आधी खेळाची बाराखडी. मैदान १०० यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले, की नव्याने चार प्रयत्न. तीन प्रयत्न वाया गेले आणि चौथा घेणं धोक्याचं वाटलं, तर चेंडू लांब लाथाडून समोरच्यांच्या ताब्यात द्यायचा, म्हणजे त्यांना निदान दूरवरून सुरुवात करावी लागते. हा पंट. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन, सहा गुण. त्यावर एक जादा किक मिळते, तिचा एक गुण. किंवा किक सोडून पुन्हा रेषा ओलांडून दाखवली तर दोन. खांबांच्या मधून दुरून किक मारली तर फील्ड गोल, तीन गुण. आणि चेंडू आपल्याकडे असताना आपल्याच टोकाच्या रेषेमागे अडकलात तर समोरच्यांना दोन गुण आंदण, वर चेंडूही त्यांनाच. याला सेफ्टी म्हणतात. एरवी सेफ्टी क्वचित पाहायला मिळते. या हंगामात मात्र ती पहिल्याच सामन्यात भेटणार आहे आणि शेवटच्याही.

संघात तुकड्या तीन. एक चढाईची, दुसरी बचावाची. तिसरी तुकडी फक्त किकशी संबंधित कामांची: किक मारणं, समोरच्याची किक अडवणं, आलेला चेंडू घेऊन उलट धावणं. तिला स्पेशल टीम्स म्हणतात. ती मैदानात येते तेव्हा बरेच प्रेक्षक खायला आणायला उठतात. नेब्रास्काच्या प्रेक्षकांना ती चैन परवडली नाही.

आणखी एक आकडा ध्यानात ठेवायचा. एका सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला चेंडू साधारण बारा वेळा येतो. कॉलेज बास्केटबॉलमध्ये हीच संख्या सत्तरच्या घरात असते, त्यामुळे तिथे एखाददुसरी चूक पचून जाते. इथे बारांपैकी एक संधी हातून गेली तर ती भरून काढायला उरलेल्या अकराच. वर हंगामही बारा सामन्यांचाच. नेब्रास्काच्या बाबतीत त्यातले नऊ आपल्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांशी, आणि तीन बाहेरच्यांशी. नेब्रास्काचा गट बिग टेन. नावात दहा असले तरी २०२१ साली त्यात चौदा विद्यापीठं होती. बारांपैकी सहा सामने जिंकले तर डिसेंबर-जानेवारीत एक जादा सामना खेळायला मिळतो, त्याला बोल गेम म्हणतात. सहाच्या खाली राहिलात तर नोव्हेंबरअखेर गाशा गुंडाळायचा.

नेब्रास्काला हे किती झोंबत असेल, ते कळायला ते राज्य डोळ्यांपुढे आणावं लागतं. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. मोठ्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ राज्यात नाही. सगळा जीव लिंकन शहरातल्या या एका संघावर. तिथल्या मेमोरियल स्टेडियममध्ये पंच्याऐंशी हजारांच्या आसपास माणसं बसतात आणि नोव्हेंबर १९६२ पासून तिथल्या सामन्यांची सगळी तिकिटं खपत आलेली आहेत. संघाच्या नावावर पाच राष्ट्रीय विजेतेपदं आहेत: १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७. १९६२ ते २००३ या काळात जिंकण्यापेक्षा हरणं जास्त, असा हंगाम या संघाला एकदाही पाहावा लागला नाही. आजोबांपासून नातवापर्यंत कुणीच पडता काळ पाहिलेला नव्हता. २००४ मध्ये तो पहिल्यांदा आला, पुढे अधूनमधून येत राहिला आणि २०१७ पासून जो मुक्कामाला आला तो हलेचना.

त्याच वर्षाच्या शेवटी स्कॉट फ्रॉस्टला कोच म्हणून आणलं. याहून योग्य माणूस शोधून सापडला नसता. नेब्रास्काचाच मुलगा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं सांभाळणारा, चेंडू फेकणारा खेळाडू), आणि नुकताच सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला १३-० असा, म्हणजे तेरा विजय आणि एकही पराभव नाही असा, अजिंक्य हंगाम मिळवून दिलेला. लोकांनी घरचा मुलगा परत आला म्हणून त्याचं स्वागत केलं. पहिलं वर्ष ४-८, दुसरं ५-७, तिसरं (करोनामुळे तोकडं झालेलं) ३-५. मग हे २०२१.

पहिला सामना इलिनॉयशी. खरं तर तो आयर्लंडमध्ये, डब्लिनला व्हायचा होता. महासाथीमुळे तो शॅम्पेन गावी, इलिनॉयच्या घरच्या मैदानावर हलवला गेला. तिथे इलिनॉयचा पंट नेब्रास्काच्या खेळाडूने आपल्याच रेषेजवळ झेलायचा प्रयत्न केला, गडबड झाली आणि सेफ्टी. टचडाऊननंतरच्या दोन जादा किक हुकल्या. मध्यंतराच्या तोंडावर क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझच्या हातून चेंडू सुटला आणि तो उचलून प्रतिस्पर्ध्याने थेट टचडाऊन केला. पराभव ३०-२२. त्यानंतर फोर्डहॅमला ५२-७ आणि बफेलोला २८-३ असं लोळवलं. हे दोन्ही संघ दुबळ्या गटांतले, मोठी विद्यापीठं हंगामाच्या सुरुवातीला असे पाहुणे घरी बोलावतात आणि त्यांना मानधनही देतात.

मग ओक्लाहोमा. १९७१ मध्ये या दोन संघांत झालेली लढत ‘शतकातला सामना’ म्हणून ओळखली जाते, तिला त्या वर्षी पन्नास वर्षं झाली होती, म्हणून मुद्दाम ही भेट ठरवलेली. नेब्रास्का हरलं २३-१६. आता हिशेब पाहा. दोन फील्ड गोल हुकले, म्हणजे सहा गुण गेले. टचडाऊननंतरची एक जादा किक अडवली गेली, एक गुण गेला. तोच अडवलेला चेंडू घेऊन ओक्लाहोमाचा खेळाडू पळत दुसऱ्या टोकाला पोचला, त्याचे त्यांना दोन गुण. बेरीज नऊ. पराभव सातने.

पुढच्या आठवड्यातला मिशिगन स्टेटचा सामना मला सगळ्यात क्रूर वाटतो. दुसऱ्या अर्धात नेब्रास्काच्या बचावाने प्रतिस्पर्ध्यांना अवघे १४ यार्ड सरकू दिले. संपूर्ण अर्धात, चौदा यार्ड! शेवटची चारेक मिनिटं उरलेली, नेब्रास्का २०-१३ ने पुढे, पंट मारायचा प्रसंग. ठरलं होतं उजवीकडे मारायचं. सगळी तुकडी त्या बाजूला धावली. चेंडू गेला डावीकडे. तिथे मिशिगन स्टेटचा जेडन रीड उभा होता, आणि त्याच्यासमोर मोकळं रान. ६२ यार्ड पळून टचडाऊन, २०-२०. जादा वेळेत मार्टिनेझने फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने पकडला, मग एक फील्ड गोल, आणि पराभव २३-२०. ज्या बचावाने सामना जिंकून दिला होता, त्या मुलांनी बाकावर बसून तो हरताना पाहिला.

त्यानंतर नॉर्थवेस्टर्नला ५६-७. या हंगामातला हा शेवटचा विजय, तारीख २ ऑक्टोबर. मिशिगनशी २९-२९ अशी बरोबरी असताना दोनेक मिनिटं उरली होती. मार्टिनेझच्या हातातून चेंडू हिसकावला गेला, फील्ड गोल, ३२-२९. मिनेसोटाकडून ३०-२३. पर्ड्यूविरुद्ध मार्टिनेझचे चार पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले, २८-२३. ओहायो स्टेटकडून २६-१७, विस्कॉन्सिनकडून ३५-२८. शेवटचा सामना आयोवाशी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, लिंकनमध्येच. मार्टिनेझ खांद्याच्या दुखापतीने बाहेर. तरी तिसऱ्या भागात नेब्रास्का २१-६ ने पुढे. मग एक पंट अडवला गेला आणि त्यावर थेट टचडाऊन झाला. पुन्हा एक सेफ्टी. २८-२१.

नऊ पराभवांतलं अंतर ओळीने मांडलं तर ८, ७, ३, ३, ७, ५, ९, ७, ७. एकूण ५६, सरासरी सहाच्या जरा वर. एका टचडाऊनवर दोन जादा गुण धरले तर आठ होतात, म्हणून आठपर्यंतच्या फरकाच्या लढतीला तिकडे वन-स्कोअर गेम म्हणतात. नऊपैकी आठ पराभव असे. नववा एका गुणाने त्या व्याख्येबाहेर राहिला.

आता नशिबाचा प्रश्न. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांनी एक साधं सूत्र मांडलं होतं: केलेल्या गुणांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या वर्गांची बेरीज, की संघाने किती टक्के सामने जिंकायला हवे होते ते येतं. नेब्रास्काचे आकडे घातले तर उत्तर सुमारे ६० टक्के, म्हणजे बारांत सात विजय. फुटबॉलवाले वर्गाऐवजी जरा मोठा घात वापरतात, तरी उत्तर सात-साडेसातच येतं. सात विजय म्हणजे बोल गेम, कोचची खुर्ची शाबूत. प्रत्यक्षात तीन.

तुम्ही म्हणाल, मग सूत्र सांगतंय तसा हा संघ खरं तर चांगलाच होता. मला हे अर्धंच पटतं. ६३ च्या अधिक्यामागे तीन एकतर्फी विजय आहेत: ४५, २५ आणि ४९ गुणांनी, मिळून ११९. ते बाजूला काढले तर उरलेल्या नऊ सामन्यांत नुसती वजाबाकीच आहे. दुबळ्यांना चिरडून जमवलेले गुण बलाढ्यांविरुद्ध उपयोगी पडत नाहीत आणि सूत्राला हा भेद कळत नाही. दुसऱ्या बाजूने, ज्यांनी हरवलं ते कोण होते तेही पाहायला हवं. मिशिगन त्या वर्षी बिग टेनचं विजेतं ठरलं आणि राष्ट्रीय उपांत्य फेरीपर्यंत गेलं. ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट आणि ओक्लाहोमा या तिघांनी ११-२ असा हंगाम केला. आयोवाने दहा जिंकले. विस्कॉन्सिन, पर्ड्यू, मिनेसोटा यांनी प्रत्येकी नऊ. नऊ प्रतिस्पर्ध्यांपैकी एकटं इलिनॉय सोडलं तर सगळे तालेवार. देशातल्या पहिल्या दहांत वर्ष संपवणाऱ्या चार संघांना नेब्रास्काने नऊ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकापर्यंत रोखलं होतं. हे तीन-नऊवाल्या संघाचं लक्षण नव्हे.

मग निव्वळ दुर्दैव? अटीतटीचा सामना म्हणजे नाणेफेक असं मानलं, तर सलग नऊ वेळा उलटं पडण्याची शक्यता ५१२ मध्ये एक. एखाद्या संघाच्या वाट्याला असं वर्ष येऊ शकतं. देशात सर्वोच्च पातळीवर १३० च्या आसपास संघ आहेत, दरवर्षी खेळतात, कधीतरी कुणावर तरी हे पडायचंच. पण फ्रॉस्टचा संपूर्ण कार्यकाळ धरला तर वन-स्कोअर लढतींत त्याच्या संघाने ५ जिंकल्या आणि २२ हरल्या. सत्तावीस नाणेफेकींत पाच किंवा त्याहून कमी वेळा आपल्या बाजूने पडण्याची शक्यता हजारात एकही नाही. इथे नशीब हा शब्द अपुरा पडतो. काहीतरी पुन्हा पुन्हा त्याच जागी तुटत होतं.

ती जागा म्हणजे ती तिसरी तुकडी. वरचे सामने परत चाळा: सेफ्टी, हुकलेल्या किक, अडवलेली किक, चुकीच्या दिशेला गेलेला पंट, अडवलेला पंट. चढाई आणि बचाव यांचा रोज तासन्‌तास सराव होतो. स्पेशल टीम्सना उरलेला वेळ मिळतो. त्या काळी नियमाने प्रमुख कोचला दहाच पूर्णवेळ सहायक ठेवता येत, त्यामुळे एक अख्खा माणूस फक्त किकसाठी राखायचा की नाही, हा प्रत्येक कोचपुढचा प्रश्न असे. अनेक जण ते काम दुसऱ्या एखाद्या जबाबदारीला जोडून देत. २०२२ साठी नेब्रास्काने बिल बुश यांना मुद्दाम स्पेशल टीम्सची सूत्रं दिली. उशिरा आलेलं शहाणपण. दुसरी दुखरी जागा मोक्याच्या क्षणी चेंडू गमावण्याची. मार्टिनेझ चार वर्षं संघाचा क्वार्टरबॅक होता, जिगरबाज होता, मोडकळीला आलेल्या फळीमागे मार खात खेळला. त्याच्याच हातून चेंडू सुटायचा हेही खरं, पण सगळा भार एकाच मुलावर टाकणारी योजना कोणाची होती, हेही विचारायला हवं.

हंगामातले दोन सामने बाकी असताना, ८ नोव्हेंबरला, क्रीडा संचालक ट्रेव्ह आल्बर्ट्स यांनी निर्णय जाहीर केला: फ्रॉस्ट राहणार. त्याच दिवशी चढाईच्या बाजूचे चार सहायक कोच घरी पाठवले. फ्रॉस्टचा वार्षिक पगार ५० लाख डॉलरवरून ४० लाखांवर आला. करारात असंही घातलं, की १ ऑक्टोबर २०२२ नंतर त्याला काढलं तर द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येईल. अमेरिकेत सार्वजनिक विद्यापीठाच्या फुटबॉल कोचचा पगार हा बहुतेक वेळा राज्यातल्या कुठल्याही सरकारी नोकरापेक्षा, राज्यपालापेक्षाही, जास्त असतो. हे आपल्याला विचित्र वाटतं. पण तिकिटं, दूरदर्शन हक्क आणि देणग्या यांतून फुटबॉलच पैसे आणतो, आणि पोहण्यापासून व्हॉलीबॉलपर्यंत बरेच खेळ त्यावर चालतात. म्हणून हरणारा हंगाम नुसता मानाचा प्रश्न राहत नाही.

खेळाडूंच्या बाबतीतही हिशेब बदललेला होता. २०२१ मध्येच नियम आला, की मुलांना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येईल, पूर्वीसारखं वर्षभर बसून राहायला नको. त्याच जुलैपासून स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करायचीही मुभा मिळाली. हरणाऱ्या संघातून बाहेर पडणं त्यामुळे सोपं झालं. मार्टिनेझ कॅन्सस स्टेटला गेला आणि पुढच्याच वर्षी तो संघ त्यांच्या गटाचा विजेता ठरला, जरी अंतिम लढतीच्या वेळी तो स्वतः दुखापतीमुळे खेळत नव्हता.

इकडे २०२२ चा पहिला सामना, या वेळी खरोखरच डब्लिनमध्ये, नॉर्थवेस्टर्नशी. नेब्रास्का २८-१७ ने पुढे असताना फ्रॉस्टने अचानक आखूड किक मारून चेंडू पुन्हा आपणच पटकवायचा डाव टाकला. फसला. सामना ३१-२८ ने गेला. नॉर्थवेस्टर्नने त्या वर्षी बारांपैकी फक्त एक सामना जिंकला, तो हाच. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर ४५-४२ अशी हार झाली आणि ११ सप्टेंबरला फ्रॉस्टची हकालपट्टी झाली. आणखी तीन आठवडे थांबले असते तर पंचाहत्तर लाख डॉलर वाचले असते. थांबवेना त्यांना.

नवे कोच मॅट रूल आले. २०२३ मध्ये ५-७, आणि आयोवाकडून शेवटच्या सामन्यात १३-१० असा निसटता पराभव. २०२४ मध्येही आयोवाकडून १३-१० च, तोही वेळ संपता संपता मारलेल्या ५३ यार्डांच्या किकवर. फरक एवढाच, की तोवर सहा विजय झालेले होते. आठ वर्षांनी नेब्रास्का बोल गेमला गेलं, न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये, आणि बॉस्टन कॉलेजला २०-१५ ने हरवून हंगाम ७-६ वर संपवला. पाच गुणांचा फरक, म्हणजे वन-स्कोअर गेमच.